एकदम क्लीन!

परवा कोड रिव्ह्यूमधून माझ्या सी प्रोग्रॅमची एक ओळ परत आली. फाइलची साइझ लॉगमध्ये छापायची, एवढंच तिचं काम. साइझ 'ऑफ-टी' टाइपची (फाइलच्या साइझसाठीचा पूर्णांक), म्हणून मी ती 'इंटमॅक्स-टी' या सर्वांत मोठ्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये कास्ट करून, म्हणजे बदलून, 'पर्सेंट जेडी' या छपाईच्या खुणेने छापली होती.

"हे जेडी काय नवीन काढलंस?" सरांनी विचारलं.

नवीन! 1999च्या सी स्टँडर्डपासून आहे ते.

"साधं पर्सेंट डी टाक, नेहमीच्या इंट पूर्णांकाचं."

"सर, टाइप जुळत नाही म्हणून कंपायलर वॉर्निंग देतो."

"मग इंटमध्ये कास्ट कर. गेली ना वॉर्निंग?"

गेली. जाणारच. कंपायलरचं तोंड दाबल्यावर तो बिचारा काय बोलणार!

आता एकट्या सरांना तरी किती बोल लावायचा? स्टँडर्डवाल्यांनी छपाईसाठी साइझ-टीला (मेमरीतल्या मापाचा टाइप) 'झेड' अक्षर दिलं, दोन पॉइंटरमधल्या (मेमरीतल्या पत्त्यांमधल्या) अंतराला 'टी' दिलं, आणि पीआयडी-टी (चालू प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा नंबर), यूआयडी-टी (युजरचा नंबर), ऑफ-टी यांना दिलं वाऱ्यावर सोडून. युनिक्सवाल्यांच्या पॉझिक्स स्टँडर्डला विचारावं तर पीआयडी-टी हा साइन्ड (मायनसही चालणारा) पूर्णांक आहे म्हणे. नक्की किती बिटांचा? त्यावर मौन. लग्न जमवणारे काका जसे 'मुलगा फार सुस्वभावी' म्हणतात आणि पगार विचारला की चहाचा कप पुढे करतात. यूआयडी-टीचं तर साइन्ड की अनसाइन्ड हेही गुलदस्त्यात! मग कास्ट करत बसा प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने. एकेक अक्षर दिलं असतं तर काय बिघडत होतं?

असो. आमचं बोर्ड 32 बिटांचं, पण मोठ्या फाइलींसाठी ऑफ-टी 64 बिटांची करून घेतलेली. इंट तर सोडाच, तिथे त्याचा मोठा भाऊ लाँगसुद्धा 32चाच. टेस्टसाठी 3 जीबीची फाइल बनवली. इंटमध्ये ती मावली नाही आणि लॉगमध्ये साइझ आली -1073741824.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. "फाइल मायनस कशी असेल?"

"तेच म्हणतोय सर."

"ॲब्स लाव, मायनस काढून टाकतं ते."

लावलं. मायनस गेला. सरांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून उरलेला आकडा 1024ने भागला, पुन्हा भागला, पुन्हा भागला. उत्तर 1.

"बघ! पॉइंटनंतर काही नाही. एकदम क्लीन!"

"सर, फाइल 3 जीबीची आहे."

"बनवताना चुकली असेल तुझ्याकडून."

शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. अप्रेझल जवळ आलं की आमच्याकडे माना फार सैल होतात. कोड मर्ज झाला.

त्याच झपाट्यात सरांनी खालची ओळही सुधारली. "पीआयडी कधी मायनस असतो का? पर्सेंट यू टाक, अनसाइन्डचं." सर, फोर्क (नवीन प्रोसेस काढणारं फंक्शन) फसला की -1 येतो, असं म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच टाकलंही.

काल फोर्क फसला. लॉगमध्ये -1च्या जागी 4294967295 नंबरची प्रोसेस उगवली आणि संध्याकाळी माझ्या नावावर तिकीट: 'ही प्रोसेस फार मोठी झाली आहे, कोडमधून किल करणे. अर्जंट.' किल फंक्शनला -1 दिला की परवानगी असेल त्या झाडून सगळ्या प्रोसेसना सिग्नल जातो, हे मी अजून सरांना सांगितलेलं नाही.