चालू नका, काठी घेऊ नका : गुडघेदुखीविषयीच्या एका संदेशाला उत्तर

‘गुडघ्यातले वंगण एकदा संपले की पुन्हा तयार होत नाही, म्हणून पन्नाशीनंतर चालणे कमी करा, एक्स-रेमध्ये गॅप कमी दिसली तर व्यायामाच्या नादी लागू नका, गुडघ्याला कायम पट्टा बांधा आणि काठी मात्र घेऊ नका, कारण ती पुन्हा सुटत नाही,’ अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना, या सल्ल्यापायी घरात बसून राहिलेल्या आणि मांडीचे स्नायू गमावून बसलेल्या आजी-काकू मला वरचेवर भेटतात. त्यामुळे गप्प राहणे मला योग्य वाटत नाही.

सांध्यातील द्रव हा डब्यात भरून ठेवलेल्या तेलासारखा नसतो. सांध्याचे आतले अस्तर तो सतत तयार करत असते; झिजेच्या संधिवातात त्याचा दाटपणा कमी होतो, पण प्रमाण पुष्कळदा वाढते, आणि ‘गुडघ्यात पाणी झाले’ असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला, म्हणजे तिथल्या गुळगुळीत लवचीक आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की मोकळी होते, आणि या क्रियेतूनच तिला त्या द्रवातील पोषण मिळते. म्हणजे संदेश ज्या चालण्याला शत्रू ठरवतो, त्यावरच कूर्चेचा निर्वाह चालतो. व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते, असे मात्र मी म्हणणार नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १३९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि व्यायामाने वेदना व हालचाल सुधारते, पण ती सुधारणा फार मोठी नसते, असे त्यातून दिसले. तरीही खुर्चीत बसून पाय सरळ करून काही सेकंद धरणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, यांसारख्या व्यायामांनी मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की जिना आणि शौचालय या दोन रोजच्या परीक्षा सोप्या होतात. सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते. ते दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर व्यायाम सोडायचा नाही, फक्त मात्रा कमी करायची.

एक्स-रेबद्दल एवढेच पुरे की चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. उपचार फिल्मवर नव्हे, माणसावर करायचे असतात.

पट्ट्याबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’ या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, चालण्यावर किंवा स्थैर्यावर परिणाम झालेल्या रुग्णांसाठी गुडघ्याच्या ब्रेसची, म्हणजे आधार देणाऱ्या पट्ट्याची, ठाम शिफारस आहे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये मात्र तो सरसकट देऊ नये असे सांगितले. दुकानात मिळणारी लवचीक नी कॅप ऊब आणि धीर देते. एका बाजूचा भार कमी करणारा ब्रेस ही वेगळी वस्तू आहे आणि ती मापानेच घ्यावी लागते. दिवसरात्र बांधून ठेवणे कोणीच सुचवलेले नाही.

मला सर्वाधिक खंत वाटते ती काठीबद्दल. ब्राझीलमधील ६४ रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन महिने रोज काठी वापरणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या आणि त्यांची हालचाल सुधारली. दुखऱ्या गुडघ्यावरचा भार काठीने हलका होतो. पण बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडायला हवी. उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेला आली की उंची बरोबर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर ओल्या फरशीवर पाऊल टाकण्यापूर्वी ते बदलून घ्यावे.