जमिनीवर टाइलवर टाइल नको
बाथरूम कमी खर्चात नवं करण्याबद्दलच्या लेखात सल्ला होता, जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवा, तोडफोडीचा खर्च वाचतो. तो भिंतींपुरता ठीक. तोही जुनी टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल तरच. जमिनीवर मात्र कृपया करू नका. आमच्या डोंबिवलीच्या जुन्या फ्लॅटमध्ये केलं, तर बाथरूम दीडेक सेंटिमीटर वर आलं, दार घासायला लागलं आणि पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्याशी साचायचं. आई दोनदा घसरली हो. शेवटी सगळं उखडलं, तेव्हा आतले जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप गंजून अर्धे बुजलेले दिसले! सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) टाकले, वॉटरप्रूफिंग केलं, जाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंच्या छताला ओल येत नाही ना, ते पाहिलं. मगच खरखरीत टाइल्स. बेसिन, आरसा जुनेच ठेवले, पैसे तिथे वाचवले.