पिधानाचं गणित ‘अंदाजपंचे’ नसतं

नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या, मग शाळेच्या जुन्या मित्रांच्या, असा एकच मेसेज फिरतोय: ‘गुरू-शनीचे चंद्र कोणत्या ताऱ्यासमोरून कधी जाणार हे शास्त्रज्ञांना सांगताच येत नाही. वेळ देतात, मग बदलतात, शेवटी म्हणतात दुसऱ्या देशात दिसलं. सगळं अंदाजपंचे. आपल्या पंचांगात हे शेकडो वर्षांपूर्वीच लिहिलंय.’ पुढे पाठवणाऱ्यांत मी ज्यांचा शब्द मानतो अशी माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सांगताच येत नाही.’ ७ जून १९७२ रोजी गुरूचा चंद्र गॅनिमीड एका अंधुक ताऱ्यासमोरून गेला आणि तारा काही काळ झाकला गेला; यालाच पिधान म्हणतात. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत तेव्हा १ मीटरची दुर्बीण नवीनच बसली होती, आणि त्या पिधानाची नोंद तिनं घेतली. पिधान मोजक्या मिनिटांत आटोपतं. वेळ आधी ठाऊक असल्याशिवाय दुर्बीण नेमकी तेव्हा, नेमक्या त्या ठिपक्यावर कोण रोखून बसेल? तारा झटकन विझला तर समोरचा गोळा उघडाबोडका, हळूहळू मंदावला तर त्याच्याभोवती वातावरण, असं त्यातून कळतं. १९७२च्या नोंदींवरून गॅनिमीडला विरळ वातावरण असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे व्हॉयेजर यानाच्या मोजणीत ते त्याहून कितीतरी विरळ निघालं. निष्कर्ष सुधारावा लागला, पण पिधान ठरल्या रात्री झालं होतं.

‘वेळ बदलतात.’ हो, बदलतात, आणि या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. इथे दोन गोष्टी अचूक माहीत असाव्या लागतात: तारा नेमका कुठे आहे आणि उपग्रह नेमका कुठे असेल. तारे आपल्याला स्थिर वाटतात, पण तेही सरकतात, त्यामुळे जुन्या यादीतली जागा दरवर्षी थोडी चुकत जाते. उपग्रहाचं तर विचारूच नका. आयो गुरूभोवती चार फेऱ्या मारतो तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. तिघं एकमेकांना सतत ओढत असतात आणि खुद्द गुरूही सूर्याभोवती फिरत असतो.

आता छोटीशी चूक किती मोठी ठरते ते बघा. साडेचार किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तो कोन म्हणजे साधारण एक विकला. ताऱ्याच्या जागेत याच्या फक्त दहाव्या भागाची चूक असली, तरी नेपच्यूनच्या अंतरावर ती दोन हजार किलोमीटरांहून जास्त भरते. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन सगळा मिळून सुमारे २७०० किलोमीटर रुंद! म्हणून पिधान जवळ येईल तसे निरीक्षक तारा आणि उपग्रह पुन्हा मोजतात आणि वेळ सुधारतात. प्रामाणिक माणूस याहून वेगळं काय करेल? पुढे गाया यानानं ताऱ्यांच्या जागा विकलेच्या हजाराव्या भागाच्या आसपास नेऊन ठेवल्या, म्हणजे नाशिकहून कैरोतलं नाणं ओळखण्यासारखं. ५ ऑक्टोबर २०१७च्या ट्रायटनच्या पिधानासाठी त्या ताऱ्याची गायानं मोजलेली जागा मुख्य यादीच्या आधीच जाहीर केली गेली. सावलीच्या मध्यरेषेजवळ थांबलेल्यांना ऐन मध्यावर तारा क्षणभर उजळलेलाही दिसला, कारण ट्रायटनचं विरळ वातावरण त्याचा प्रकाश वाकवून एकत्र आणतं.

‘दुसऱ्या देशात दिसलं.’ सूर्यग्रहणासारखंच आहे हे. तारा अतिदूर असल्यानं उपग्रहाची सावली पृथ्वीवर जवळजवळ त्याच्याच आकाराची पडते आणि बहुतेकदा सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगानं धावते. ट्रायटनच्या सावलीची मध्यरेषा नाशिकवरून पूर्व-पश्चिम गेली, तर ढोबळमानानं कन्याकुमारी काठावर येईल आणि श्रीनगर बाहेर राहील. श्रीनगरकरांना दिसलं नाही म्हणून गणित खोटं ठरत नाही, ते त्या गणितातच असतं.

‘पंचांगात लिहिलंय.’ आपल्या चंद्राचं म्हणाल तर आदरानं मान्य. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा यांचे ठळक तारे चंद्र झाकतो, आणि रोहिणी-शकटभेदाची, म्हणजे रोहिणीच्या गाड्यासारख्या दिसणाऱ्या ताऱ्यांमधून चंद्र किंवा ग्रह जाण्याची, चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या सिंहस्थाचा काळही गुरू सिंहेत कधी येणार हे आधी काढूनच ठरतो. पण गुरूचे चंद्र दुर्बिणीतून दिसले १६१० साली, शनीचा टायटन १६५५ साली, ट्रायटन १८४६ साली. जे डोळ्यांना दिसतच नव्हतं त्याचं कोष्टक त्याआधी कोण मांडणार? आणि पंचांगाची खरी परंपरा दृक्प्रत्ययाची आहे. गणित आकाशाशी जुळलं नाही तर गणित सुधारायचं, हाच आग्रह पंचांगगणिती व्यंकटेश बापूजी केतकरांनी धरला होता. वेळ बदलणारे शास्त्रज्ञ तेच करतात, मग त्यांनाच दोष का?

गंगापूर धरणाकडे अजून बऱ्यापैकी अंधार मिळतो. दुर्बिणीला कॅमेरा आणि जीपीएसची वेळ जोडली, की एखाद्या पिधानाची नोंद तिथूनही घेता येईल. आकाश निरभ्र असताना तारा झाकलाच गेला नाही, तर तेही वेळेसकट कळवा. सावलीची कड नाशिकपर्यंत आली नव्हती हे त्यातून समजतं, आणि त्या उपग्रहाचं पुढचं भाकीत मांडताना तीही नोंद धरली जाते.