‘मदत बंद करा, युद्ध थांबेल’ हे खरं नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धं परदेशी पैशावर चालतात. मदत बंद केली की महिन्याभरात लढाई थांबेल. पैसा देणारा देश मालक आणि घेणारं सरकार त्याच्या हातचं बाहुलं. अन्नधान्याचीही मदत नको, कारण तीही शेवटी बंदूकवाल्यांच्याच घशात जाते. वाचायला सोपं आणि पटकन पटणारं, म्हणून लोक ते पुढे ढकलतायत. पण असं समजून धोरणं ठरली तर माणसं मरतात. म्हणून एकेक मुद्दा बघू.

‘मदत थांबली की युद्ध थांबतं’

अफगाणिस्तानात हे करून झालंय. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ठरवलं की १ जानेवारी १९९२ पासून आपापल्या बाजूला (अमेरिकेने मुजाहिदीन बंडखोरांना, सोव्हिएत संघाने काबूलच्या सरकारला) शस्त्रं पुरवायची नाहीत. सोव्हिएत फौजा १९८९ मध्येच परतल्या होत्या. तरी सोव्हिएत पाठिंब्यावरचे अध्यक्ष नजीबुल्ला यांचं सरकार तगून होतं, कारण इंधन, धान्य आणि पैसा येत होता. त्याच पैशातून सरकारच्या बाजूने लढणाऱ्या, उत्तरेतल्या दोस्तमसारख्या सरदारांच्या फौजा पोसल्या जात. पैसा आटला, इंधनावाचून विमानं जमिनीवर बसली, दोस्तम फिरला आणि एप्रिलमध्ये सरकार कोसळलं. मग शांतता आली का? ज्या मुजाहिदीन गटांनी काबूल घेतलं, तेच शहराच्या वाटण्यांवरून एकमेकांवर रॉकेटं डागू लागले. सोव्हिएत काळातल्या युद्धात बऱ्यापैकी शाबूत राहिलेलं काबूल त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत उद्ध्वस्त झालं. महासत्तांनी हात आखडता घेतला, तरी शेजारी देशांची रसद चालूच होती.

यावर कुणी दक्षिण व्हिएतनामचा दाखला देईल. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करी मदतीला कात्री लावून ती ७० कोटी डॉलरवर आणली आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. युद्ध संपलं हे खरं. पण समोरच्या उत्तर व्हिएतनामला मिळणारी सोव्हिएत आणि चिनी मदत थांबली नव्हती, त्यामुळे ते एका बाजूच्या पराभवाने संपलं. कुणाला तेच हवं असेल तर त्याने तसं स्पष्ट म्हणावं.

‘देणारा मालक, घेणारा बाहुलं’

आधी मालकाकडे बघा. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये काँग्रेसकडे युक्रेनसाठी सुमारे ६,१०० कोटी डॉलर मागितले. विरोधी रिपब्लिकन पक्षाने ते मेक्सिकोच्या सीमेच्या प्रश्नाशी जोडले. फेब्रुवारीत त्यावर तडजोड तयार झाली, पण निवडणुकीच्या तयारीत असलेल्या ट्रम्प यांनी विरोध करताच ती बारगळली. इकडे युक्रेनचे तोफखान्यावाले गोळे मोजूनमापून वापरत होते. १७ फेब्रुवारी २०२४ ला युक्रेनी फौजेने पूर्वेकडचं अवदिव्का शहर सोडलं. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने मंजुरी दिली ती २० एप्रिलला. सैनिक खंदकात अमेरिकेतल्या पक्षांच्या भांडणाचा निकाल लागायची वाट बघत होते. असं स्वतःचंच घर सावरता न येणाऱ्याला मालक म्हणायचं, हे मला पटत नाही.

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने मदत आणि गुप्तवार्ता दोन्ही रोखून दाखवलं. काही दिवसांत, ११ मार्चला, सौदी अरेबियातल्या जेद्दात युक्रेन तीस दिवसांच्या युद्धविरामाला तयार झालं. दबावाचा परिणाम झाला, हे मान्य करायलाच हवं. पण रशियाने तो प्रस्ताव तसा स्वीकारला नाही आणि लढाई चालू राहिली. दबाव ज्याच्यावर चालतो तो झुकतो, समोरचा कशाला झुकेल?

घेणाऱ्या देशातही लोक असतात, हे तर त्या मजकुरात कुठेच नाही. २२ जुलै २०२५ ला झेलेन्स्की यांनी भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचं स्वातंत्र्य काढून घेणाऱ्या कायद्यावर सही केली. युद्ध चालू असताना लोक कीवच्या रस्त्यावर उतरले. युरोपीय संघानेही नाराजी कळवली. ३१ जुलैला संसदेने ते स्वातंत्र्य परत दिलं. बाहेरचा आग्रह आणि रस्त्यावरचा संताप एकाच दिशेने होते, म्हणून हे इतक्या लवकर झालं. रस्त्यावर उतरलेल्या त्या तरुण पोरापोरींना बाहुलं ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘अन्न शेवटी बंदूकवाल्यांनाच मिळतं’

काही अंशी खरं आहे आणि ते लपवू नये. १९९४ मध्ये रवांडाशेजारच्या झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमाच्या निर्वासित छावण्यांवर रवांडातल्या नरसंहाराला जबाबदार असलेल्यांचीच पकड होती. वाटपही त्यांच्याच हातात होतं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेची फ्रेंच शाखा तिथून याच कारणाने बाहेर पडली.

पण चोरी होते म्हणून सगळंच बंद केलं तर काय होतं, ते इथिओपियाने दाखवलं. तिथल्या उत्तरेकडच्या तिग्रे प्रांतातलं युद्ध नोव्हेंबर २०२२ च्या करारानंतर थांबलं होतं. २०२३ मध्ये धान्य मोठ्या प्रमाणावर पळवलं जात असल्याचं उघड झालं, आणि अमेरिका व जागतिक अन्न कार्यक्रमाने आधी तिग्रेत, मग जूनमध्ये देशभर वाटप थांबवलं. ते काही महिने बंद राहिलं. ज्यांनी धान्य लाटलं ते उपाशी राहिले नाहीत. उपाशी राहिली ती युद्धात घरदार सोडून छावणीत आलेली कुटुंबं, आणि त्यांच्यातली माणसं भुकेने दगावली. वाटप पुन्हा सुरू करताना लाभार्थ्यांच्या याद्या आणि देखरेखीची पद्धत बदलली. ते काम वाटप चालू ठेवूनही करता आलं असतं.