वायर कशाला टाकायची?

कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन रेसिंगमध्ये इज्जत राखायची तर गाडी नीट चालवता आली पाहिजे, असं तुम्हांला कुणीतरी सांगितलं असेल. ऐकू नका. इज्जत राखायला खराब नेट लागतं. ज्याच्या घरचं नेट चांगलं, त्याला हरल्यावर तोंड लपवायला जागा उरत नाही. ज्याचं खराब, तो प्रत्येक शर्यत मनातल्या मनात जिंकलेलाच असतो. नाचता येईना त्याचं अंगण पूर्वीही वाकडं असायचं, पण आता तो वाकडेपणा मिलिसेकंदांत मोजून मिळतो आणि त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो.

या कामाला आपल्या इंदुरातली घरंही मोठी सोयीची. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, कुठेही जुनं घर घ्या. भिंती आजोबांच्या काळातल्या, हातभर जाड. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर, गणपतीशेजारी. आणि तुमची रिग, म्हणजे स्टिअरिंग, पेडलं आणि सीट जोडलेला सांगाडा, पार मागच्या खोलीत, कारण पाहुणे पुढे बसतात आणि बकेट सीटमध्ये बसून एकट्यानेच शिव्या देणारा मुलगा त्यांना दाखवायचा नसतो. मधे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह. वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आणि मायक्रोवेव्हच्या लहरी एकाच गल्लीत राहतात. तेव्हा रात्री दहाला शर्यत लावा, म्हणजे तुमची तिसरी लॅप आणि काकांनी सराफ्यातल्या खाऊगल्लीतून बांधून आणलेला गराडू (तळलेला कंद) एकदमच गरम होईल. (गराडू पुन्हा गरम करून खाणारे लोक आहेत. काय बोलणार.)

आता वायर. पंधरा-वीस मीटरची लॅन केबल चार-पाचशे रुपयांत येते, आणि नेमकी म्हणूनच ती घ्यायची नाही. आधी साठ हजारांचं, थेट मोटरवर बसवलेलं डायरेक्ट ड्राइव्ह व्हील घ्या, पायाचा जोर मोजणारी लोड सेलची पेडलं घ्या, हप्त्यावर तीन स्क्रीन घ्या. मग एका रविवारी, सगळे पोहे-जिलबी खात असताना, हळूच विचारा, "हॉलमधून एक वायर नेऊ का?" आई म्हणेल, "दिवाळीला रंग दिलाय, भिंतीला खिळे नकोत." आजी म्हणेल, "पाय अडकेल रे कुणाचा." बाबा पेपरातून मान वर करणार नाहीत. झालं. दाराच्या चौकटीवरून, पंख्याच्या वायरीशेजारून केबल नेता येते हे तुम्हांला माहीत असलं तरी बोलू नका. घरच्यांचा मान राखायचा असतो.

पिंगबद्दल, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाबद्दल, मात्र भरपूर बोला, कारण लोकांना तेवढंच कळतं. एक हिशेब पाठ करून ठेवा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इंदूर ते जर्मनीत फ्रँकफर्टला असलेला सर्व्हर सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरांहून जास्त. जाऊन-येऊन बारा हजार, म्हणजे किमान ६० मिलिसेकंद. हे साठ कुणाच्या बापाला कमी करता येणार नाहीत. प्रत्यक्षात तार समुद्रातून वळसे घालत जाते, वाटेत ठिकठिकाणी थांबते, म्हणून युरोपातल्या सर्व्हरवर आपला आकडा सहज शंभराच्या वर असतो. हे सगळं गंभीर चेहऱ्याने सांगितलं की समोरचा गप्प बसतो. तो हे विचारत नाही की शंभर-दीडशेचा आकडा स्थिर असेल तर लोक त्यावर खुशाल शर्यती करतात, मग तुमचा एका क्षणी १४० आणि दुसऱ्या क्षणी ४०० का? त्याचा फ्रँकफर्टशी संबंध नाही. त्याचा संबंध गणपतीशेजारच्या राउटरशी आहे, आणि शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी फोनवरून रंगपंचमीच्या गेरचे (मिरवणुकीचे) दोनशे व्हिडिओ क्लाउडवर चढतायत त्याच्याशी. अपलोडचा रस्ता त्यांनी भरला की तुमच्या गाडीची माहिती नेणारी पाकिटं मागे रांगेत उभी. आयरेसिंग या गेमच्या पडद्यावर कोपऱ्यात पट्ट्या असतात, त्यातली क्यू अक्षराची पट्टी कनेक्शन किती धड आहे ते दाखवते. ती लाल झाली की नजर रस्त्यावर ठेवा. सुरक्षित चालकाने इकडेतिकडे बघू नये.

गंमत खरी कुठे आहे ते आता सांगतो, कारण हे नीट कळल्याशिवाय कांगावा जमत नाही. तुम्हांला पडद्यावर पुढची गाडी दिसते ती तिथे नसते. तुमची गाडी तुमच्या कॉम्प्युटरवर चालते, त्याची त्याच्या. मधे सर्व्हर फक्त निरोप पोहोचवतो: अमुक गाडी अमुक जागी होती, अमुक वेगाने, अमुक दिशेला. पुढचा निरोप येईपर्यंत तुमचा कॉम्प्युटर अंदाजाने तिला पुढे ढकलत राहतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज झकास जमतो. ब्रेक लागला की फसतो, कारण निरोपात गाडी अजून सुसाट आहे आणि तिकडे पठ्ठ्याने पेडल दाबून झालंय. ताशी २०० म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. दशांश सेकंदाचा उशीर म्हणजे साडेपाच मीटर, एका जीटी३ गाडीच्या (शर्यतीच्या स्पोर्ट्स कारच्या) लांबीपेक्षा जास्त. शर्यतीतली निम्मी भांडणं याच साडेपाच मीटरांत होतात.

त्यामुळे असंही घडतं की तुमच्या पडद्यावर धडक झाली आणि त्याच्या पडद्यावर दोन गाड्यांमधून अख्खी सिटी बस गेली असती. दोघांकडे रिप्ले आहे. दोघंही शपथेवर खरं बोलतायत. न्यायासाठी इतकी नालायक आणि भांडणासाठी इतकी आदर्श व्यवस्था दुसरी सापडायची नाही, तेव्हा तिचा लाभ घ्या. पहिल्या वळणावर, जिथे सगळे वळणाआधी शंभर मीटरच्या खुणेला ब्रेक दाबतात तिथे तुम्ही पन्नासला दाबा. तीन गाड्या आडव्या होतील. कुणी तोंड उघडायच्या आत चॅटमध्ये टाका: "सॉरी, नेटकोड." म्हणजे दोष माझा नाही, नेटवरून गाड्या दाखवणाऱ्या यंत्रणेचा. जो आधी टाइप करतो त्याचं खरं.

यावर उपाय म्हणून सेफ्टी रेटिंग नावाची गोष्ट असते, पण घाबरू नका. रेटिंग म्हणजे काय हे इंदूरकराला शिकवायला नकोच. २०१७ साली स्वच्छतेत पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला, तेव्हापासून आपण नंबरावरच जगतोय. आयरेसिंगमध्ये हा आकडा ०.०० ते ४.९९ असतो आणि त्याच्या जोडीला वर्ग: रूकी, मग डी, सी, बी, ए. गाडीची चाकं रस्त्याबाहेर गेली की एक एक्स, म्हणजे चुकीचा एक गुण. गाडी हातातून सुटून फिरली की दोन. दुसऱ्या गाडीला जोरात भिडलात की चार. नुसतं घासलं तर शून्य, म्हणजे नोंद होते पण माफ. मग किती वळणं पार केल्यावर एक एक्स पडतो त्याची सरासरी काढतात, आणि तुमचा आकडा वर-खाली होतो. १.०० च्या खाली गेलात की वर्ग उतरतो. बऱ्याच शर्यतींत ठरलेल्या मर्यादेइतके एक्स भरले की शिक्षा.

आणि चूक कुणाची हे यंत्र विचारत नाही! मागून ठोकणाऱ्यालाही चार, ठोकून घेणाऱ्यालाही चार. नवे लोक यावर रडतात. रडायचं काही नाही, सेकंदाला साठ वेळा वीस गाड्यांचा न्याय करायला कोण बसणार? सरळ मोजणी आहे, आणि शेकडो वळणांच्या सरासरीत सज्जन आणि दुर्जन आपोआप वेगळे पडतात. हे कबूल करायला जीवावर येतं, पण ते खरंच पडतात. म्हणूनच सरासरीला फसवायची कला शिकावी लागते.

कला सोपी आहे. शर्यत सुरू होताना पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या बाजूच्या गल्लीत, बसून राहा. सगळे पुढे जाऊन एकमेकांच्या डोक्यावर चढले की मग शांतपणे निघा. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, वळणामागून वळण स्वच्छ, आकडा चढतोय. असं करत करत ए वर्गात जा. गाडीजवळ गाडी आणून कधीही न चालवता तुम्ही देशातल्या सगळ्यात सुरक्षित चालकांपैकी एक ठराल. मग ए वर्गातल्या भरधाव शर्यतीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी बाजूला बाजू लावून वळणात शिरा आणि काय होतं ते बघा. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या दुसऱ्या गेमवाल्यांनी या धंद्यावर पाणी टाकलंय. त्यांच्याकडे ० ते ९९ चा आकडा चढवायचा तर इतर गाड्यांच्या जवळ राहून, न भिडता चालवावं लागतं. एकटं फिरून काही मिळत नाही. खडूस लोक. ग्रान टुरिस्मो या गेममध्ये खिलाडूपणाला ई पासून एस पर्यंत अक्षरं देतात, तिथेही तुमच्यासारखेच ई वाले तुमच्या वाट्याला येतात, म्हणजे संध्याकाळची करमणूक पक्की.

एक सांगतो, हे सगळं वाचून आपल्या इंदूरच्या पलासिया चौकात गाडी काढू नका. तिथे डावीकडून उजवीकडे वळणाऱ्याला, फोन खांद्यावर दाबून स्कूटर चालवणाऱ्याला, उलट्या बाजूने येऊन वर आपल्यालाच "भिया, दिखता नी क्या?" म्हणणाऱ्याला कुणी चार एक्स देत नाही. पिंग शून्य, पडदा नाही, गाडी दिसते तिथेच असते, आणि तरीही. मला तरी तिथून घरी येऊन अनोळखी जर्मन माणसाने निळ्या झेंड्याला (मागून वेगवान गाडी येतेय, या खुणेला) वाट दिली की भरून येतं.

घरातलं कनेक्शन देणाऱ्या कंपनीला मात्र सोडू नका. रोज फोन करा. त्यांचा माणूस येईल, बूट बाहेर काढेल, राउटरला लॅपटॉप वायरने जोडेल आणि स्पीड टेस्ट दाखवेल: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. तो "मागच्या खोलीत वायर टाकून देऊ का?" असं विचारेल. त्याला चहा द्या आणि विषय बदला.

शेवटी तक्रार, म्हणजे प्रोटेस्ट. आयरेसिंगमध्ये रिप्लेचा तुकडा जोडून तक्रार करता येते आणि तिथे माणसं ती बघतात. मुद्दाम ठोकणं आणि चॅटमधली शिवीगाळ यांच्याकडे ते गंभीरपणे पाहतात. तुमच्यावर अन्याय झालाय याची खात्री असेल तर जरूर करा, पण तुकडा निवडताना कॉकपिटचाच कॅमेरा लावा. पाठीमागचा लावलात तर आणखी एक गोष्ट दिसते: त्याचे ब्रेकलाइट कधी लागले आणि तुमचे कधी. आणि आवाज बंद करा, कारण त्यात मायक्रोवेव्हची घंटी ऐकू येते.