दिसला का?

नाशिकला राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांना काय काय दाखवायचं याचा क्रम पाठ असतो. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, आणि मधे कुठंतरी झणझणीत मिसळ. नांदूर मधमेश्वर या क्रमात नाही. ते 'जायचंय एकदा' या खात्यात असतं. अंतर चाळीसेक किलोमीटर. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा येऊन मिळते, त्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य १९८६ सालचं. २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचं नाव लागलं, महाराष्ट्रातून सगळ्यात आधी. सायबेरियाकडची बदकं दर थंडीत पत्ता न चुकता तिथं येतात. नाशिककर मात्र शेजारच्याला विचारतात, 'तिथं नक्की असतं काय?'

आम्हीही एवढंच विचारून थांबलो असतो. पण साडूंनी लेन्स घेतली.

ही लेन्स एवढी लांब आहे की ती घरात आली तेव्हा मेहुणीला आधी वाटलं, पाण्याच्या मोटारीचा पाइप असेल. लेन्स आली म्हणजे पक्षी हवेत. पक्षी हवेत म्हणजे गाडीत माणसं हवीत, कारण एकट्यानं पक्षी बघितले तर ते सांगायचे कुणाला? त्यामुळे रविवारी पहाटे आमची वरात निघाली: साडू, मेहुणी, त्यांचा चिरंजीव, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना पक्ष्यांत रस नव्हता. त्यांना 'ते धरण' बघायचं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. पहाटे साडेपाचला कुणी कुणाला कारणं विचारत नाही.

थंडीचं म्हणाल तर, निफाडच्या कुंदेवाडीचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, राज्यात सगळ्यात कमी म्हणून. तो आकडा घरी चहा पिताना वाचायला फार छान वाटतो. त्या आकड्याच्या आत जाऊन बसणं वेगळं. त्यातून साडूंचा आदेश होता की भडक रंग घालायचे नाहीत, पक्षी बिचकतात. मेहुणीचं एकुलतं एक जाड जर्किन पोपटी. गाडीत पाऊण तास यावरच चर्चा चालली. 'पोपटी रंगाला पोपट बिचकत नाहीत, मग बदकं कशाला बिचकतील?' हा मेहुणीचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

चांदोरीला हमरस्ता सोडला, सायखेड्याचा पूल ओलांडला आणि मोबाईलमधल्या बाई गप्प झाल्या. मग माणसांना विचारणं आलं. पहिल्या माणसानं उलट आम्हालाच विचारलं, "देवाला जायचंय का पक्ष्यांना?" प्रश्न अगदी योग्य होता. नांदूर मधमेश्वर गावात देऊळ आहे आणि धरण आहे, पण आम्हाला हवा होता तो निरीक्षण मनोरा चापडगावच्या बाजूला. नुसतं गावाचं नाव विचारत गेलं तर माणूस थेट मृगव्याधेश्वराच्या दारात उभा राहतो. रामानं मारीच मृगाला बाण मारला तो इथं, अशी तिथली आख्यायिका. सासूबाई म्हणाल्या, "आधी देव." साडू म्हणाले, "आई, देव दुपारीही असतो." यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण ते वाक्य त्यांनी कुठंतरी जमा करून ठेवलंय हे आम्हा दोन्ही जावयांना कळलं.

रस्ता सांगणाऱ्यानं खूण दिली, "ऊस संपला की डावीकडं." आता निफाड तालुक्यात ऊस संपतो कुठं? एका बाजूचा संपला तर दुसऱ्या बाजूचा सुरू होतो, दोन्हीकडचा संपला तर द्राक्षबाग लागते आणि तिच्यापलीकडं पुन्हा ऊसच. जो ऊस शेतात नव्हता तो आमच्या पुढं होता, दोन ट्रॉल्यांमध्ये गच्च भरून, ट्रॅक्टरच्या मागं डुलत. त्या ट्रॅक्टरवर लावणी वाजत होती आणि ओव्हरटेक करण्याइतका रस्ता त्याच्याजवळ नव्हता, त्यामुळे ती सगळी ऐकून झाली. साडू घड्याळ बघत होते. पक्ष्यांची म्हणे सकाळी ठरावीक वेळ असते.

मनोरा दुमजली घराएवढा. चढायला काहीच वाटत नाही, आणि वर गेल्यावर खरंच डोळे निवतात. पाणी, त्यात मेलेल्या बाभळींचे खुंट, गवताची बेटं, धुकं. गंमत म्हणजे यातलं कुणीच ठरवून केलेलं नाही. इंग्रजांनी कालव्यांसाठी इथं दगडी बंधारा बांधला. पुढं शंभर वर्षं नदीनं गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि तेच पक्ष्यांना आवडलं. गाळ साचला म्हणून आपल्याकडं धरणांना नावं ठेवतात, इथं त्याच गाळामुळं आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यावरून या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आमच्यातल्या कुणीच भरतपूर पाहिलेलं नाही, त्यामुळं कुणाला हरकत घेता आली नाही.

मला सगळं दिसत होतं. खाली मनोऱ्याच्या पायाशीच एक शेकाट्या उभा होता, लांब लालचुटुक पाय, काळे पंख, इस्त्रीचा असावा असा पांढरा शर्ट. मी म्हटलं, "वा!" गावातला गाइड पोरगा म्हणाला, "दादा, तो शेकाट्या. तो काय, असतोच." लांबवर पाण्यावर शेकडो काळे ठिपके तरंगत होते. मी म्हटलं, "ते बघा केवढे!" पोरगा म्हणाला, "वारकरी. ते सोडा."

इथं मला पक्षीनिरीक्षणाचा मूळ सिद्धांत समजला. जो पक्षी जवळ आहे, मोठा आहे आणि स्वच्छ दिसतोय, त्याला किंमत नाही. पक्षी जितका लांब, जितका झाकलेला आणि जितका दुसऱ्याच कशासारखा दिसणारा, तितका तो मोलाचा.

असा मोलाचा पक्षी साडूंना सापडला. ते कुजबुजले, पण असं कुजबुजले की पलीकडच्या काठावरची चार बदकं उठली. "काळा करकोचा! लायफर!" लायफर म्हणजे जन्मात पहिल्यांदा दिसलेला. पोरग्यानं तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण तिकडं वळवली आणि आमची रांग लागली.

"दादा, तो वाकडा खुंट दिसतो का?"

"हो."

"त्याच्या उजव्या हाताला दुसरा खुंट."

तिथं उजव्या हाताला खुंटांचं संमेलन भरलं होतं. मी म्हटलं, "हो."

"त्याच्या मागं गवत. गवतात बघा. दिसला का?"

मी एक डोळा मिटला. मला स्वतःच्या पापण्या दिसल्या. जरा पुढं सरकलो तर दुर्बिणीला धक्का लागला आणि नुसतं आभाळ आलं. पोरग्यानं पुन्हा जुळवून दिलं. आता गवत आलं. उत्तम गवत होतं. करकोचा नव्हता.

पहिल्यांदा 'नाही' म्हणता येतं, कुणी रागावत नाही. दुसऱ्यांदा 'नाही' म्हटल्यावर मागची रांग खाकरते. साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, सरळ समोर आहे, आंधळ्यालाही दिसेल!" आणि बायकोनं मागून शालीचं टोक असं ओढलं की त्यात लग्नापासूनचा हिशेब होता. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "हां हां... दिसला!"

"मान वळवली बघा त्यानं!" साडू.

"वळवली!" मी.

माझ्यानंतर मेहुणीनं डोळा लावला आणि क्षणात म्हणाली, "अय्या, किती गोड!" तिच्यानंतर माझी बायको, "मस्तच!" करकोचा गोड असतो की मस्त, हे मला माहीत नाही, पण दोघींचा सूर मी ओळखला. साडीच्या दुकानात, शंभर साड्या उलगडून झाल्यावर, न घेता उठताना त्या दोघी याच सुरात बोलतात.

मग सासूबाईंची पाळी आली. त्यांनी दुर्बिणीत पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काही नाही बाई इथं. गवत आहे."

मनोऱ्यावर शांतता पसरली. साडूंनी पुन्हा खुंटापासून सुरुवात केली, पण सासूबाई तोवर पोरग्याकडं वळल्या होत्या. "का रे बाळा, कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलंय का सध्या?"

पोरग्याचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याला पक्ष्यांशिवाय कुणी काही विचारलं नसावं. "सुटलंय ना आजी. कुठल्या तुम्ही?"

"माहेर राहात्याचं. पेरूची बाग होती आमची, उजव्या कालव्यावर."

तेव्हा आम्हाला कळलं की त्यांना धरण का बघायचं होतं. दारणेचं आणि गंगापूरचं पाणी नदीनं इथवर येतं आणि या बंधाऱ्यातून डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढं जातं. त्यातला उजवा सिन्नर, कोपरगाव करत राहात्याला पोचतो. लहानपणी रात्री-बेरात्री बागेला पाणी आलं की वडील कंदील घेऊन जायचे. ते पाणी 'नांदूरहून सुटतं' एवढंच त्यांना माहीत होतं. मग पोरगा आणि आजी पाटपाण्यावर बोलत बसले. पाळी कधी येते, चारी कोण फोडतं, पेरूला किती लागतं आणि उसाला किती. मीही तिथंच बसलो. ते सगळं मला दुर्बिणीशिवाय दिसत होतं.

साडू एकटेच खुंटाकडं लेन्स लावून उभे होते. अर्ध्या तासानं ते म्हणाले, करकोचा उडाला. उडताना कुणाला दिसला नाही. त्यांच्या फोटोत गवत उत्तम आलंय. शिवाय एका कोपऱ्यात मेहुणीच्या जर्किनची बाही.

परतताना देव झाला, दुपारीच. "असतोच की दुपारी," सासूबाई गाभाऱ्यातून बाहेर येताना म्हणाल्या.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण साडू पक्ष्यांच्या नोंदी ज्या ॲपवर टाकतात, तिथं कुणीतरी या करकोच्यावर शंका घेतली आहे. फोटोत पक्षी नसेल तर वर्णन द्या आणि सोबत आणखी कुणी पाहिला असेल तर त्यांचं नाव द्या, असं म्हणे. सासूबाईंचं नाव देण्यात अर्थ नव्हता. बायको आणि मेहुणी 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' म्हणून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. रात्री जेवताना साडूंचा फोन आला.

"तुमचं नाव घातलंय हं साक्षीदार म्हणून. एकच सांगा, मान त्यानं कुठल्या बाजूला वळवली होती?"

समोर सासूबाई ताकाचा पेला हातात धरून माझ्याकडंच बघत होत्या.

"डावीकडं," मी म्हणालो.