सर, शर्यत लावलीच कुठे?

नमस्कार सर,

स्लाइम मोल्ड आणि उंदीर वाट कशी ओळखतात, हे मी शेजारी शेजारी मांडलं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ज्याला मेंदू सोडा, एक चेतापेशीही नाही, त्या स्लाइम मोल्डला (सडक्या लाकडावर पसरणाऱ्या बुळबुळीत एकपेशी जीवाला) शेतातल्या उंदराच्या पंगतीला बसवणं ही पोरांची दिशाभूल आहे. उंदीर शिकतो, मोल्ड नुसता पसरतो.

हुशार कोण, हे मी विचारलंच नव्हतं. माझा प्रश्न एवढाच, की ‘आपण इथे आधी येऊन गेलो’ हे कुणाला कशावरून कळतं?

‘नुसता पसरतो’ हे तर मला मुळीच मान्य नाही. सिडनीच्या संशोधकांनी २०१२ साली फायसॅरम नावाच्या स्लाइम मोल्डपुढे यू आकाराचा अडसर ठेवला. पलीकडून गोडाचा माग लागतोय, पण सरळ गेलं की कोंडी! तरी ९६ टक्के मोल्ड वळसा घालून पोचले. सरकताना तो मागे पारदर्शक चिकट लेप सोडतो आणि पुन्हा लेप लागला की ती वाट टाळतो. मग संशोधकांनी मोल्ड ज्यावर सरकतो त्या सगळ्या आगरावर (जेलीसारख्या थरावर) आधीच लेप फासला. पोचणारे उरले ३३ टक्के. म्हणजे आठवण होती, फक्त ती अंगात नव्हती, जमिनीवर होती.

उंदराचा नकाशा डोक्यात असतो, हे कबूल. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ’कीफ यांना १९७१ मध्ये प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदरांच्या मेंदूत ठराविक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ च्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्यासाठीच. पण युरोपातला रानउंदीर (आपल्या धुऱ्यावरचा नव्हे) एवढं असूनही बाहेर खुणा मांडतो. २००३ च्या एका प्रयोगात त्याला प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चकत्या दिल्या, तर त्यानं त्या उचलून कामाच्या जागांवर नेऊन ठेवल्या. उंदीर ‘इथे परत यायचं’ म्हणून खूण करतो, मोल्डची खूण ‘इथे परत नको’ म्हणून कामी येते. मला गंमत वाटली ती याची.

बाकी कॅफिनसारखा कडू पदार्थ रोज वाटेत आला, पण त्रास झाला नाही, तर मोल्ड त्याला बिचकणं सोडतो, हेही २०१६ मध्ये दिसलंय. याला शिकणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पोरांना दाखवायचंच असेल, तर पाऊस लागल्यावर नागपूरच्या सेमिनरी हिल्सला सडकी लाकडं उलटून बघा. पिवळं ओलं जाळं दिसलं की भिंग लावा. शिरेतला रस एकीकडे वाहतो, मिनिटभरात थबकतो आणि उलटा फिरतो. फक्त उन्हात आणू नका, उजेडाचं त्याला वावडं आहे.